मुर्दाडशिंग

दवाखान्यात माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नावाखाली ‘मराठी, हिंदी’ एवढंच लिहिलेलं असे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना वाटायचं, ही बाई इथे भाषा शिकवायला येते. मी दुभाषी होते. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या दवाखान्यांत बावीस वर्षं मी डॉक्टरांचं इंग्रजी पेशंटला मराठीत सांगितलं आणि पेशंटचं मराठी डॉक्टरांना इंग्रजीत. गेल्या वर्षी बिल्ला परत केला.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला दुभाषी कशाला लागतो, असं मला नेहमी विचारतात. मुला-सुनांना नाही लागत. नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या आईवडिलांना लागतो. कुणी बर्फावर घसरतं, कुणाला न्यूमोनिया होतो. मुलगा म्हणतो, मी करतो ना ट्रान्सलेट. पण दवाखाना शक्यतो नाही म्हणतो, कारण घरचा माणूस गाळतो. कॅन्सर झालेल्या वडिलांना ‘थोडी सूज आहे’ एवढंच सांगणारा मुलगा मी डोळ्यांनी पाहिलाय.

आमचे नियम थोडे आणि कडक. पेशंट ‘माझ्या छातीत दुखतंय’ म्हणाला, तर आम्हीही इंग्रजीत ‘माझ्या छातीत दुखतंय’ असंच म्हणायचं. भर घालायची नाही, काही गाळायचं नाही. आणि शब्दाबद्दल तिळभर शंका आली तर दोन्ही बाजूंना सांगून, थांबून, विचारायचं. एकदा फोनवरच्या एका नव्या दुभाष्याने ‘अंगावर पित्त उठलंय’ याचं शब्दशः भाषांतर केलं आणि डॉक्टर पित्ताशयाची सोनोग्राफी लिहायला बसले. मी शेजारच्या खोलीतून जाऊन सांगितलं की बाईंच्या अंगावर गांधी आल्यात, खाज सुटलीय, पित्ताशय ठणठणीत असावं. असले किस्से सांगून मी मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, बावीस वर्षं हशा मिळवला.

आज लिहितेय ती गोष्ट मात्र मी कुठल्याही पॉटलकमध्ये सांगितलेली नाही. तिच्यातली नावं बदलली आहेत. त्या घरातल्या सुनेला हा मजकूर आधी वाचायला दिला होता. तिने एकही ओळ खोडली नाही.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. बालरोग विभागातून बोलावणं आलं म्हणून गेले. खोलीत डॉक्टर केलर होत्या, त्या शांत आणि नेमकं बोलणाऱ्या. आयटीत काम करणारा निखिल होता. त्याची बायको श्रुती, तिच्या मांडीवर अकरा महिन्यांची अन्वी. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, साडीवर मुलाचं जुनं जॅकेट घालून बसलेल्या निखिलच्या आई, कुसुमताई. अकोल्याकडच्या. तीन महिन्यांपूर्वी नातीला सांभाळायला आलेल्या.

अन्वी किरकिरत होती. उभं राहायला लागलेलं पोर पुन्हा बसून राहायला लागलं होतं. पोट साफ होत नव्हतं. नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं निघालं होतं, असायला नको तेवढं.

“शिसं?” कुसुमताई म्हणाल्या. “पेन्सिलीतलं?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. हे शिसं वेगळं, ते लहान मुलाच्या मेंदूला आणि रक्ताला बाधतं, असं त्यांनी समजावलं आणि मी मराठीत सांगितलं.

निखिलला कारण लगेच सापडलं. “आमचं घर जुनं आहे. मी ट्रेनने ऑफिसला जातो म्हणून नेपरव्हिलमध्ये स्टेशनजवळ घेतलं. खिडक्यांचा रंग सुटतोय. तेच असणार.” जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टरांनाही ते पटलं. तरी दिवसभर बाळ आजीकडे असतं म्हणून त्यांनी माझ्यामार्फत कुसुमताईंना विचारलं, बाळाला काय काय देता?

कुसुमताईंनी पेज सांगितली, वरणाचं पाणी सांगितलं. मग म्हणाल्या, “आणि रोज सकाळी आंघोळीनंतर गुटी. वेखंड, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा. अन् मुर्दाडशिंग. पोटात मुरडा येतो ना, त्याच्यासाठी.”

मी एक क्षणही थांबले नाही. मिरजेला आमच्या घरी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा गुटीच्या डब्यातली ती तपकिरी, पीळ पडलेली मुरुडशेंग मी स्वतः सहाणेवर उगाळलेली आहे. वऱ्हाडात तिला असं म्हणत असतील, असं मनात आलं आणि गेलं. मी इंग्रजीत म्हणाले, “एका झुडपाची वाळलेली, पीळ पडलेली शेंग. पोटातल्या कळांसाठी.” खरं सांगायचं तर, किती छान सांगता आलं, असंही मला वाटलं.

मुळं, फळं, शेंगा. डॉक्टरांच्या डोळ्यांत भरली ती हळद, कारण कधी कधी रंग यावा म्हणून हळदीत शिशाची भेसळ होते. तपासायला घरातली हळद आणि हळकुंड आणा, निकाल लागेपर्यंत गुटी बंद ठेवा, असं त्यांनी सांगितलं. कुसुमताईंनी मान डोलावली. “बंद म्हणजे बंद,” त्या म्हणाल्या.

पुढच्या दहा दिवसांत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचा माणूस शिसं शोधायचं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेला. खिडक्यांच्या चौकटींत शिसं सापडलं. ही माणसं बॅगा भरून एका मित्राच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली. हळद तपासून आली, स्वच्छ निघाली. तसा फोन नर्सने निखिलला केला. निखिलने आईला सांगितलं, “हळदीत काही नाही, घरातच होतं. सुटलो.” हे मला नंतर कळलं. त्या फोनच्या वेळी दुभाषी कुणीच नव्हतं.

सुटलो म्हटल्यावर कुसुमताईंना वाटलं, गुटीवरचा आळ टळला. इकडे अन्वीचं पोट दुखतच होतं. पाय पोटाशी घेऊन ती रडायची. कुसुमताईंनी पुन्हा सहाण काढली.

मार्चच्या शेवटी मला परत बोलावलं. या वेळी खोलीत एक सोशल वर्करही होती, मांडीवर वही, हातात पेन. अन्वी श्रुतीच्या खांद्यावर मान टाकून होती, रडतही नव्हती. मला ते तिचं न रडणं आवडलं नाही.

डॉक्टर केलर म्हणाल्या, “आकडा आधीच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्या घरातून बाहेर पडून महिना झाला. आता तो खाली यायला हवा होता. म्हणजे जे काही आहे ते तुमच्याबरोबर नव्या घरी आलंय. कुणीतरी तिला ते देतंय, कळत किंवा न कळत.”

मी ते मराठीत सांगितलं. ‘कुणीतरी तिला ते देतंय’ हे वाक्य माझ्या तोंडून कुसुमताईंच्या अंगावर पडताना मी पाहिलं.

सोशल वर्करने सांगितलं की अशा वेळी राज्याच्या बालसंरक्षण खात्याला कळवणं तिला कायद्याने भाग आहे, आणि तोवर बाळ कुणाबरोबर एकटं असावं हेही ठरवावं लागेल. निखिल उठून उभा राहिला. “म्हणजे काय? माझी मुलगी तुम्ही नेणार?” तो इंग्रजीत ओरडला आणि मग आईकडे वळून मराठीत, “आई, तू काही दिलंस का तिला? खरं सांग. यार, आता तरी खरं सांग.”

कुसुमताई माझ्याकडे बघत होत्या. आमच्यात शिकवतात की पेशंटने डॉक्टरकडे बघून बोलावं म्हणून दुभाष्याने खाली बघायचं. मी खाली बघितलं नाही.

“मी दिलं,” त्या म्हणाल्या. “पोट दुखायचं हो तिचं. कळवळायची. हळद चांगली निघाली म्हणाला, म्हणून गुटी पुन्हा सुरू केली. बाकी सगळ्याचा सहाणेवर एकेक वेढा अन् मुर्दाडशिंगाचे चार. जास्त दिलं म्हणजे लवकर आराम पडेल.”

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी आले तेव्हा जीभ अडली. मागच्या वेळी इथेच मी न अडता पुढे गेले होते. या वेळी शब्द पूर्ण ऐकू आला. मुर्दाड. शिंग. मुरुड नाही, शेंग नाही.

मी म्हणाले, “दुभाष्याला खुलासा हवा आहे.” आधी इंग्रजीत, मग मराठीत. आणि विचारलं, “कुसुमताई, ती मुर्दाडशिंग दिसते कशी?”

“पिवळट. लालसर झाक आहे.”

“शेंगेसारखी? पीळ पडलेली?”

“शेंग कुठली? दगड आहे तो. चकचकीत पापुद्र्यांचा. एवढासा खडा, पण हातात घेतला की कसा जड लागतो.”

आम्हाला स्वतःबद्दल बोलायचं झालं तर ‘मी’ म्हणता येत नाही, कारण ‘मी’ पेशंटचा असतो. म्हणून मी इंग्रजीत म्हणाले, “दुभाष्याकडून चूक झाली आहे. मागच्या वेळी या वस्तूला दुभाष्याने झाडाची शेंग म्हटलं. पेशंटच्या आजींनी तसं म्हटलं नव्हतं. हा एक खनिज दगड आहे. जड आहे. दुभाष्याने शब्द नीट ऐकला नाही.”

सोशल वर्करचं पेन थांबलं.

“काय सांगितलंत त्यांना?” कुसुमताईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पण मी तर नाव बरोबर सांगितलं होतं, बाई. पुडीवर लिहिलंय तेच.”

हेही इंग्रजीत सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं: “पण मी तर नाव बरोबर सांगितलं होतं.” माझ्याच तोंडून, माझ्याविरुद्ध.

निखिल गाडी घेऊन पुडी आणायला गेला. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, जाऊन-येऊन तास तरी लागणार होता. डॉक्टरांनी तेवढ्यात अन्वीला पोटाच्या एक्स-रेसाठी पाठवलं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून फोनवर एक जुना शब्दकोश उघडला.

शब्द होता. मुर्दाडशिंग. मूळ फारसी, मुर्दारसंग. ‘मुर्दार’ म्हणजे मेलेलं, मढं, अपवित्र. ‘संग’ म्हणजे दगड. शिंगाचा काही संबंधच नाही. परका ‘संग’ मराठी तोंडात कधीतरी ‘शिंग’ झाला, आणि काकडशिंगीसारख्या औषधांच्या पंगतीत जाऊन बसला. मेलेला दगड. नाव ठेवणाऱ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं आणि आपण त्याला शिंग लावून घरात घेतलं. पुढे अर्थ दिला होता: शिसे जाळून होणारे पिवळे खनिज, मलमात व रंगात वापरतात. आणि एक इंग्रजी शब्द, लिथार्ज.

मी दार ठोठावून आत गेले आणि तो एकच शब्द म्हणाले.

डॉक्टर केलर यांचा चेहरा मी विसरणार नाही. “शिशाचा ऑक्साइड,” त्या पुटपुटल्या. लगेच विषबाधा केंद्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्या फार्मासिस्टला मी नाव अक्षर-अक्षर सांगितलं. या वेळी स्वतःच्या ज्ञानाची एक काडीही त्यात घातली नाही. नाव काय, कोशात अर्थ काय, आजी काय म्हणतात, तिन्ही वेगवेगळं सांगितलं.

एक्स-रे आला. अन्वीच्या इवल्याशा पोटात पांढरे ठिपके होते, रांगोळी सांडल्यासारखे. श्रुतीने ते पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. एक्स-रेचं भाषांतर करावं लागलं नाही. कुसुमताईंनाही कळलं.

मग निखिल आला. कागदाच्या पुडीवर बॉलपेनने ‘मुर्दाडशिंग’ लिहिलेलं. आत सुपारीएवढा खडा, एका बाजूने उगाळून सपाट झालेला. डॉक्टरांनी तो हातमोज्यातल्या तळव्यावर घेतला आणि हात किंचित खाली गेला.

पुडी कुठून आली ते हळूहळू कळलं. अमेरिकेला निघण्याआधी कुसुमताईंच्या नणंदेने फोनवर गुटीची यादी सांगितली, तिच्यात मुरुडशेंग होती. कुसुमताईंनी ऐकलं तसं लिहिलं, ‘मुरडशिंग’. काष्ठौषधीच्या दुकानातल्या माणसाने त्याचं मुर्दाडशिंग केलं आणि दिलं. “तुमच्या मुलांच्या वेळी तुम्ही शेंग पाहिली नव्हती का?” असं डॉक्टरांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, “सासूबाई उगाळायच्या. मला कुठे हात लावू द्यायच्या सहाणेला? मी फक्त बाळ धरायची.”

अन्वीला त्याच दिवशी दाखल केलं. आधी पोट धुऊन काढलं, मग शिसं शरीराबाहेर काढणारं औषध सुरू झालं. कॅप्सूल फोडून ते भुकटीसारखं औषध फळाच्या गरात कालवून द्यायचं. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. अन्वी आईच्या हातून घेईना, नर्सच्या हातून थुंकून टाकी. निखिलने प्रयत्न केला तेव्हा तिने चमचाच उडवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत होते. श्रुतीने चमचा कुसुमताईंपुढे धरला. निखिल आईशी बोलत नव्हता, खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत उभा होता.

“मी नाही,” कुसुमताई मागे सरकल्या. “माझ्या हातून नको. तूच दे.”

“आई, ती तुमच्याच हातून खाते,” श्रुती म्हणाली. आवाजात राग होता, तो तिने लपवला नाही. “मला रडायला नंतर वेळ आहे, तुम्हालाही. आत्ता हे पोटात जायला हवं. घ्या.”

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी दोघींचं बोलणं तिला सांगितलं. नर्स म्हणाली, आजींना देऊ द्या, मी इथेच उभी आहे.

कुसुमताईंनी चमचा घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. त्या काहीतरी गुणगुणल्या, शब्द नसलेलं. अन्वीने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. निखिल तोवर वळला होता. पुढचे सगळे डोस कुसुमताईंनीच दिले.

सोशल वर्करने अहवालात अपघात लिहिला, खात्याने चौकशी करून फाइल बंद केली. माझ्या चुकीचा अहवाल मी स्वतः लिहून दिला. माझ्या सुपरवायझरने तो वाचून विचारलं, “दोन्ही उच्चार इतके जवळचे आहेत?” मी म्हटलं, “नाहीत. मीच ते जवळ आणले.” मला काही आठवडे बालरोग विभागातून बाजूला ठेवलं, पुन्हा प्रशिक्षण दिलं. मला ते योग्यच वाटलं. नोकरी राहिली. पुढे नवीन दुभाष्यांना शिकवायचं काम आलं तेव्हा त्यांना मी एकच गोष्ट परोपरीने सांगायची: न कळलेल्या शब्दाला आपण थांबतो, कळल्यासारखा वाटतो त्याला थांबत नाही, आणि घात तिथे होतो. पहिल्याच दिवशी ‘दिसते कशी?’ असे दोन शब्द विचारले असते तर त्या पोरीच्या पोटात चार वेढ्यांचं ते विष गेलं नसतं. हे मला कुणी माफ केलं काय आणि नाही केलं काय, तसंच राहणार आहे.

कामावर असताना पेशंटशी बाहेर संबंध ठेवता येत नाही. त्यामुळे पुढचं मला कळलं ते निवृत्तीनंतर, मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात. श्रुतीने मला ओळखलं. शेजारी एक मुलगी तिळगुळाची वडी चोखत, इंग्रजीत अखंड बडबड करत उभी होती. “बोलायला उशिरा लागली,” श्रुती म्हणाली. “आता थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, बघत राहू. शाळेत अक्षरांना जरा वेळ लागतो. त्यामुळे की तसंच, कोण सांगणार?”

मला ‘सॉरी’ म्हणायचं होतं. ते चार वर्षं राहून गेलं होतं. म्हटलंही. श्रुतीने मान हलवली, ‘असू दे’ म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग मी कुसुमताईंबद्दल विचारलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या परत गेल्या होत्या, श्रुतीने सांगितलं. अकोल्यात उतरल्यावर घरी सामान टाकलं आणि पुडीचा तो कागद घेऊन थेट त्या दुकानात गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, गुटीच्या फळीवरून मुर्दाडशिंगाची बरणी काढा. तो म्हणाला, आजवर कुणाची तक्रार नाही, लोक मलमाला नेतात. त्या म्हणाल्या, मग मलमाच्या फळीवर ठेवा, वर ‘पोटात घेऊ नये’ असं लिहा. त्याने लक्ष दिलं नाही. कुसुमताई दुकानाच्या पायरीवर बसल्या. गिऱ्हाईक आलं की विचारायच्या, गुटीचं सामान नेताय का, पुडी उघडून दाखवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बरणी हलली आणि तिच्यावर चिठ्ठी लागली.

बरणी हलवता हलवता दुकानदार वैतागून म्हणाला, “बाई, तुम्ही काय डॉक्टर आहात का?”

“नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “मी ते माझ्या नातीला चाटवलंय.”